सहा वेढे, डाव्या हाताचे

भाऊ, तुमच्या फोटोला हार घालायला मला पुढे बोलावलं, तेव्हा मी हात धुवायचं निमित्त केलं आणि शाळेच्या मागच्या नळावर निघून गेले. बराच वेळ पाण्याखाली हात धरून उभी होते. बायकांना वाटलं, सुनंदाबाई एकटीच रडते आहे, म्हणून कोणी मागे आलं नाही. मी रडत नव्हते. मी इतकी संतापले होते की तो हार हातात आला असता तर मी तो तोडलाच असता.

सरपंच माइकवर बोलत होते ते नळापर्यंत ऐकू येत होतं. "भाऊच्या हाताले देवानं मोजमाप देलं होतं. भाऊनं गुंडाळलेली कॉइल मंजे कॉइल! हलनार नाई, डुलनार नाई." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! पोंभुर्ण्यातल्या तुमच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मी एकोणीस वर्षं काम केलं, आणि त्या एकोणीस वर्षांत तिथून जी कॉइल बाहेर पडली ती माझ्या हातची होती. हे त्या मांडवात दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक फोटोत होता.

तुम्हाला अजून 'तुम्ही' म्हणते आहे ते आदराने नाही. जिभेला सवय आहे.

मी आय.टी.आय. करून आले तो दिवस तुम्हाला नक्की आठवत असेल, कारण त्या दिवशी तुम्ही हरला होतात. चंद्रपूरच्या दोन दुकानांनी मला काउंटरवर बसवायची तयारी दाखवली होती, हत्यार हातात द्यायची नाही. तुम्ही मात्र खिडकीजवळचं स्टूल पायाने पुढे सरकवलंत, तांब्याची तार आणि पेन्सिल टेबलावर टाकलीत आणि म्हणालात, "सहा वेढे दे." एवढीच माझी मुलाखत. मी डावखुरी, मी आपली माझ्या बाजूने गुंडाळली. तुम्ही ती उजेडात धरलीत आणि ओरडलात.

"हे काय उलटं गुंडाळून राह्यली? उलटी कॉइल चालत नाई."

"वेढे सहाच हायेत ना भाऊ. पेन्सिल तेच, तार तेच. कोन्या बाजूनं गुंडाळली, तिले काय फरक पडते?"

माझा तोरा उतरवायचा म्हणून तुम्ही ती एका उघड्या रेडिओत सोल्डर केलीत. स्टेशन जिथे लागायचं तिथेच लागलं. तुम्ही त्या रेडिओकडे बघत राहिलात आणि मग म्हणालात, "चालते." त्यानंतर एकोणीस वर्षांत याहून मोठी शाबासकी तुम्ही मला दिली नाहीत. मी खुळी, घरी जाऊन आईला तो एक शब्द तीनदा सांगितला होता.

शिकवलंत, हे नाकारत नाही. कॉइल म्हणजे काय हे मी परीक्षेत पाठ करून लिहिलं होतं, कळलं मात्र तुमच्याकडे. चहाचा कप हातात धरून तुम्ही सांगितलंत: "कॉइलले घाई खपत नाई. करंट एकदम वाढू देत नाई आन वाहनारा एकदम थांबू देत नाई. आता पाह्य. कंडेन्सर भरला का थो कॉइलमंधून रिकामा होते. पन रिकामा झाला मून कॉइल थांबत नाई, थे ढकलतच रायते, मून कंडेन्सर उलट्या बाजूनं भरते. मंग पुन्हा वापस. हे जानं-येनं किती जलद होते, तेच तुहं स्टेशन." मग बोटांनी हवेत वेढे दाबून दाखवलेत. वेढे जवळ आणले की कॉइलचा जोर वाढतो, जाणं-येणं मंदावतं, काटा खाली येतो. फाकवले की काटा वर. त्या चहाच्या कपापुरती मी तुमची ऋणी आहे. खरं ते लिहून टाकते, कारण दुसऱ्याचं श्रेय दाबून ठेवणं मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

आणि बांबूची कामटी. वेढे हलवायला तुम्ही मला स्क्रू-ड्रायव्हर वापरू दिला नाहीत. पहिल्याच आठवड्यात हातावर फटका मारलात. "धातू जवळ गेला का कॉइल बदलते. कामटीनं हलव." ही गोष्ट तुम्ही मला शिकवली होती, भाऊ. मी तुम्हाला नाही. पुढच्या सगळ्यासाठी हे लक्षात ठेवा.

जंगलाकाठच्या टोल्यावरच्या, त्या छोट्या वस्तीवरच्या, शिट्टीची कल्पना तुमचीच होती, तीही मी काढून घेत नाही. तिथली शेवंताबाई तिचा बंद पडलेला रेडिओ घेऊन आली होती. मोह पडायला लागला की टोल्यावरच्या बाया पहाटेच झाडाखाली जातात, मान खाली घालून फुलं वेचतात, आणि वाघाला वाकलेलं माणूस माणूस वाटत नाही. ती तुम्हाला म्हणाली, "भाऊ, या डबड्यातून साऱ्या दुनियेचं आयकू येते. वाघ आला मून नाई का आयकू येत?" तुम्ही हसलात, पण आठवडाभर दुसरं काम हातात घेतलं नाहीत. एक ट्रान्झिस्टर, दोन-चार कंडेन्सर, बॅटरी, एक बटण आणि सहा वेढ्यांची कॉइल. मचाणावर बसलेल्या बाईने बटण दाबलं की झाडाझाडाखालच्या टोपल्यांतल्या छोट्या रेडिओंतून शिट्टी वाजायची. शिट्टी डायलवर एकाच जागी येते, म्हणून तुम्ही प्रत्येक रेडिओवर लाल नेलपॉलिशची खूण करायचात. बाया रांगेने यायच्या, तुम्ही चष्मा वर करून एकेकीच्या डायलवर ठिपका द्यायचात. टिळा लावल्यासारखं तोंड व्हायचं तुमचं.

दुसऱ्या वर्षी माकडांनी प्लॅस्टिकचा डबा फोडला. वहिनींनी बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा दिला आणि तुम्ही सगळं त्यात बसवलंत. त्या पहाटे आपण दोघं मचाणावर होतो. झाकण उघडं ठेवून तुम्ही कामटीने वेढे जुळवलेत, बटण दाबलंत, खालच्या सगळ्या रेडिओंत शिट्टी आली. मग झाकण लावलंत. कॉइल झाकणापासून बोटभर अंतरावर होती.

मी म्हटलं, "भाऊ, झाकन लावून एकदा वाजवून पाहा ना."

"हे मले नको शिकवू."

खाली वीस बाया ऐकत होत्या. मला वाटतं, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, पण वीस बायांसमोर माझ्या सांगण्यावरून पुन्हा बटण दाबणं तुम्हाला जमलं नसतं. मी हात पुढे करून बटण दाबायला हवं होतं. ते मी केलं नाही, आणि तेवढा दोष माझा आहे.

तासाभराने माकडं ओरडायला लागली. आपण दोघं परत गेलो होतो, मचाणावर आता शेवंताबाईची सून होती. तिला नाल्यात पट्टे दिसले. तिने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, दाबतच राहिली. टोपल्यांतून नुसती खरखर. ती मचाणावरून ओरडली ते जवळच्या बायांनी ऐकलं. शेवंताबाई नाल्याच्या अंगाला, सगळ्यांत लांब. तिने वाघ पाहिला तेव्हा तो चार झाडांच्या अंतरावर होता. साठीची बाई मोहाच्या झाडावर चढली, घसरली, मांडीचं हाड मोडलं. वाघ आपल्या वाटेने निघून गेला. ती आजही काठी घेऊन चालते.

तिला प्लास्टर घालून परत आणलं त्या संध्याकाळी टोला जमला. खाटेवर ती, भोवती सगळे, आणि सरपंचांनी विचारलं, शिट्टी का आली नाही. मी तुमच्याकडे बघत होते. मला खात्री होती, तुम्ही सांगाल. झाकण म्हणाल. निदान चूक झाली एवढं तरी म्हणाल.

तुम्ही म्हणालात, "कॉइल सुनंदानं गुंडाळली होती. मह्या हातची नोती."

इतक्या वर्षांत तुम्ही एकदाच चारचौघांत सांगितलंत की कॉइल माझी आहे. ती वाजली तेव्हा कधी नाही. ज्या दिवशी एका बाईचा पाय मोडला, त्या दिवशी ती माझी झाली. वीस बाया माझ्याकडे वळल्या. शेवंताबाईने माझ्याकडून तोंड फिरवलं. ते तोंड मी चार वर्षं बघते आहे.

त्याच आठवड्यात तुम्ही डबा बदललात. वहिनींचा प्लॅस्टिकचा टिफिन आणलात, त्यात सगळं बसवलंत आणि टोल्यावर सांगितलंत, "आता मह्या हातची टाकली. बिनघोर जा." बॅटरीची तार सोल्डर करायला तो टिफिन तुम्ही माझ्याच पुढे ठेवलात. मी पाहिलं. सहा वेढे, डावीकडून. तीच कॉइल. डबा बदलला होता, कॉइल बदललेली नव्हती. म्हणजे तुम्हाला नेमकं माहीत होतं. तुम्ही विचारलंत, "चालते ना?" आणि मी म्हटलं, "चालते."

का म्हटलं, तेही ऐका. मी खरं सांगितलं असतं तर टोल्याने एकतर माझ्यावर विश्वास ठेवला नसता, नाहीतर शिट्टीवरचाच विश्वास उडाला असता. बाया रेडिओ घरी ठेवून मोकळ्या हाताने जंगलात गेल्या असत्या. त्या फुलं वेचणार आणि मी माझं नाव सांभाळणार, हे मला जमलं नाही. हे तुम्ही ओळखून होतात. माझ्या चांगुलपणाच्या आड तुम्ही चार हंगाम आरामात बसलात. खोटं बोललात ते मी कदाचित विसरले असते. हे नाही विसरणार.

मागच्या पावसाळ्यात मी तो पत्र्याचा डबा शोधून तुमच्या टेबलावर ठेवला होता. म्हटलं, "आज दोघंच हावो. लावून पाहू झाकन." तुम्ही डब्याकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "गिऱ्हाईक यून राह्यलं." दुकानात कोणी नव्हतं. रस्त्यावरही नव्हतं. तुम्ही चपला घालून निघून गेलात. ते भांडण तिथेच राहिलं, आणि आता तर ते मला एकटीलाच भांडायचं आहे. तुम्ही त्यातूनही चपला घालून निघून गेलात.

तुम्ही गेल्यावर वहिनींनी मला ड्रॉवर लावायला बोलावलं. आत, मागच्या कोपऱ्यात, तुमची तपकिरीची मोठी डबी होती. उघडली तर मूठभर कॉइली. सगळ्या उजवीकडून गुंडाळलेल्या. एकीचा वेढा दुसऱ्यावर चढलेला, एकीची तार खरवडलेली, एक पार वाकडी. वहिनी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "चार वर्सापासून गुंडाळत होते. तू घरी गेली का बसत. बोटं थरथरत. मले म्हनत, सुनंदाले सांगजो नको."

मी ती डबी मांडीवर घेऊन बसले. इथे माझा राग विरघळला असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तो वाढला. माणसाला आपलं खोटं टोचत असेल तर तो खरं सांगतो. तुम्ही चार वर्षं चोरून ते खोटं खरं करायला बघत होतात. पलीकडच्या स्टुलावर मी बसले होते, भाऊ! एकदा म्हणायचं होतं, सुनंदा, बोटं ऐकत नाईत, दाखव कशी धरतेस. मी तुमचा हात धरून दाखवलं असतं. त्याच जागी रडले असते आणि सगळं माफ केलं असतं. तुम्ही मला तेवढंही करू दिलं नाहीत, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

समाचाराला आलेल्या सरपंचांनी ती डबी पाहिली. त्यांचे डोळे भरून आले. "भाऊच्या शेवटच्या कॉइली! यातली एक औंदा डब्यात टाकू. भाऊ मचानावर राहीन." मोहाची झाडं कळ्यांच्या कुच्यांनी लगडली होती, टिफिन उन्हाने तडकला होता, नवा डबा लागणारच होता. तुमची वाकडी कॉइल टाकली तर शिट्टी कुठे भटकेल सांगता येत नव्हतं. माझी गुपचूप टाकली तर ती कायमची तुमची. आणि माझी म्हणून सांगितली तर बाया रेडिओ घरी ठेवणार. तीन दिवस मला जेवण गेलं नाही. तुम्ही मरूनही मला त्याच जागी उभं केलं होतं.

रविवारी मी टोल्यावर गेले. सोबत तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा नेला. सरपंचांनी वहिनींनाही बोलावलं होतं, तुमच्या डबीला कुंकू लावून ती पाटावर ठेवली होती. मी भाषण केलं नाही. डबा शेवंताबाईच्या खाटेवर ठेवला, त्यात माझी कॉइल बसवलेलं यंत्र होतं. झाकण उघडं ठेवून, कामटीने वेढे हलवून शिट्टी तिच्या रेडिओवरच्या तुमच्या लाल खुणेवर आणली.

"आता झाकन तूच लाव, बाई."

तिने लावलं. मी बाहेर काढलेलं बटण दाबलं. खरखर. तिने झाकण काढलं, शिट्टी. लावलं, खरखर. तिसऱ्यांदा झाकण लावून तिने अंगठ्याने डायल हळूहळू वर सरकवली, आणि दोन रेघा वर शिट्टी सापडली. पत्रा जवळ आला की कॉइलचा जोर कमी होतो आणि काटा वर पळतो, हे तिला सांगायची गरज उरली नव्हती.

"मंजे त्या दिवशी शिट्टी वाजली होती."

"वाजली होती. दोन रेघा वर."

"कोनी आयकली नाई."

"नाई."

ती डब्यात वाकून पाहत राहिली. "आन कॉइल कोनाची?"

"त्या दिवशी माही होती. त्याच्यानंतर टिफिनात वाजली थेबी माहीच." मी तुमच्या डबीतली एक आणि माझी एक अशा दोन कॉइली तिच्या तळव्यावर ठेवल्या. ती आयुष्यभर दोर वळत आली आहे. तिने दोन्हींवरून वेढ्यांच्या कलाने नख फिरवून पाहिलं आणि माझी उचलली. "हे डाव्या हाताची हाय." मग सुनेला हाक मारली, "तो फुटका टिफिन आन." टिफिनमधली कॉइल, चार वर्षं तुमच्या नावाने वाजलेली, तिने नखाने तपासली. तीही डाव्या हाताची.

सरपंच घसा खाकरून म्हणाले, "गेलेल्या मानसाचं असं काढू नये, बाई."

शेवंताबाई वर न बघता म्हणाली, "गेला थो. पाय माहा मोडला."

मग तिने मला विचारलं, "भाऊले मालूम होतं?"

या प्रश्नाचं उत्तर मी चार वर्षं तयार ठेवलं होतं. डबा, टिफिन, रिकाम्या रस्त्यावरचं गिऱ्हाईक, सगळं त्यात होतं. वहिनीही समोर बसल्या होत्या. मी फक्त "होय" म्हटलं. तुम्हाला ते कमी वाटत असेल तर तुम्ही सुटलात असं समजू नका. वहिनींनी मान खाली घातली ती माझ्यामुळे नाही.

मी पत्र्याच्या झाकणाला कॉइलच्या बरोबर वर भोक पाडलं. झाकण लावूनच, भोकातून कामटी घालून, वेढे जुळवायचे. माकडांना पत्रा फुटत नाही आणि शिट्टी हलत नाही. हे तुम्ही चार वर्षांपूर्वी केलं असतं, मला न विचारता केलं असतं, तरी मी तुमचंच नाव सांगितलं असतं.

शिट्टी मी तुमच्याच जुन्या खुणेवर आणत होते. सोपं होतं ते, सगळ्या रेडिओंवर ती होतीच. शेवंताबाईने माझं मनगट धरलं. "तिथी नको. दुसऱ्या जाग्यावर आन." मी आणली. तिने सुनेकडून नेलपॉलिशची बाटली मागून माझ्या पुढे ठेवली. बाया आपापले रेडिओ घेऊन रांगेने आल्या. दोन खुणा राहिल्या तर पहाटेच्या अंधुक उजेडात कोणीतरी चुकेल, म्हणून आधी जुनी काढणं भाग होतं. मी कापूस थिनरमध्ये बुडवून एकेका डायलवरून तुमचा ठिपका पुसत गेले. शेवटी शेवंताबाईचा रेडिओ आला. तिथला ठिपका सर्वांत जुना, तुम्ही चष्मा वर करून लावलेला पहिला. त्याला कापूस दोनदा बुडवावा लागला, भाऊ. पुसला.

मग बाटली उघडली आणि डाव्या हाताने माझी खूण लावली.